कंपनीवर रिसीव्हर बसला म्हणजे काय?



धरमतरच्या खाडीकाठी, डोलवी-वडखळपासून नागोठणे-रोह्यापर्यंत किती घरं कारखान्याच्या पगारावर चालतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच ‘कंपनीवर रिसीव्हर बसला’ अशी नुसती कुणकुण लागली तरी घास गोड लागत नाही. त्यात २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांचे झालेले हाल आपण पाहिलेत. त्यामुळे बाहेरचा अधिकारी आला की सगळं बुडालं, असंच वाटतं. पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

आधी रिसीव्हर कोण ते पाहू. समजा, दोन भावांमध्ये आंब्याच्या बागेचा वाद आहे आणि खटला चालू आहे. निकाल लागेपर्यंत आंबे कोणी उतरवायचे, पैसे कोणी ठेवायचे? अशा वेळी कोर्ट तिसराच माणूस नेमतं. तो बाग राखतो, आंबे विकतो, पै-पैचा हिशोब कोर्टाला देतो. हा रिसीव्हर. तो मालक नसतो, राखणदार असतो. ही सोय १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. मुंबई उच्च न्यायालयात तर ‘कोर्ट रिसीव्हर’ असं स्वतंत्र कार्यालयच आहे.

कर्जात बुडालेल्या कंपनीसाठी आता २०१६ चा दिवाळखोरी कायदा लागतो. लोक सवयीने ‘रिसीव्हर’ म्हणतात, पण इथे येणारा अधिकारी वेगळा. प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जातं. ते दाखल करून घेतलं की संचालकांचे अधिकार थांबतात आणि कारभार एका नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. कारखाना चालू ठेवायचा आणि नवा घेणारा शोधायचा, हे त्याचं काम. या काळात कंपनीवर नवे दावे लावता येत नाहीत, जप्ती आणता येत नाही. मुदत जास्तीत जास्त ३३० दिवसांची. घेणारा मिळाला नाही तर लिक्विडेटर येतो, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटणारा. तेव्हा कोणी आलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: हा चालवायला आलाय की विकायला?

मुदत कागदावर असते, हेही लक्षात ठेवा. मुंबईच्या जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली. त्याच वर्षी जूनमध्ये प्रकरण न्यायाधिकरणात गेलं. घेणारा पुढे आला, तरी शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विकायलाच सांगितली. पाच वर्षं कर्मचारी वाट पाहत होते.

विक्री झाली तर पैसे रांगेने मिळतात. सगळ्यात आधी या प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर कामगारांची मागची २४ महिन्यांची देणी आणि तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. माल आणि सेवा पुरवणारे बरेच खाली, आणि भागधारक अगदी शेवटी. म्हणजे आपल्या बचत गटाने कँटीनला डबे, पापड, भाकऱ्या पुरवल्या असतील तर ते बिल मागच्या रांगेत जातं. म्हणून उधारी महिनोन्‌महिने वाढू देऊ नका.

एक दिलासा आहे. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतले पैसे या रांगेत येतच नाहीत. ते कामगाराचे, त्यावर बँकेचा हक्क नाही. मात्र कंपनीने ते भरलेत का, हे आपणच पाहायचं. पीएफचं पासबुक मोबाइलवर दिसतं. दर दोन-तीन महिन्यांनी घरातल्या शिकलेल्या मुलीला उघडायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. थकलेला पगार आपोआप मिळेल असं धरून बसू नका, त्यासाठी दावा द्यावा लागतो. अधिकारी नेमला की इंग्रजी आणि स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. दाव्याची मुदत नेमणुकीपासून साधारण १४ दिवसांचीच असते. कामगाराचा अर्ज ‘डी’ नमुन्यात, पुरवठादाराचा ‘बी’ नमुन्यात. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, हजेरी कार्ड, बिलांच्या प्रती जोडायच्या. धनी कंत्राटदाराकडे असतील तर गेटपाससुद्धा जपा. कारखान्यात काम केल्याचा तो पुरावा आहे. अर्ज दिल्याची पोच घ्यायला विसरू नका.

मैत्रिणींनो, कंपनी वाचवणं आपल्या हातात नाही. पण पत्र्याच्या पेटीत लग्नाचे फोटो जपतो, तशी पगाराच्या पावत्यांची एक पिशवी आजच करून ठेवणं नक्कीच आपल्या हातात आहे. ती पिशवी नसेल, तर घाम गाळलेला असूनही रांगेत उभं राहता येत नाही.