व्हॅलेटा : तटाच्या आतले कोठार

सिसिलीच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्रात, माल्टा हा चिमुकला द्वीपदेश आहे. त्याची राजधानी व्हॅलेटा. पुरे एक चौरस किलोमीटरही नसलेल्या या शहराच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे आणि भोवती अखंड तट. मधाच्या रंगाची चुनखडी, रंगीत लाकडी सज्जे आणि थेट पाण्याच्या दिशेने उतरत जाणारे पायऱ्यांचे रस्ते पाहून मन प्रसन्न होते. तट कोणी बांधला हे वाटाड्या सांगतोच. व्यापारी घरातल्या प्रवाशाने मात्र आणखी एक प्रश्न विचारावा : आत धान्य, पाणी आणि पैसा कोठून येत असे?

१५६५ मध्ये तुर्की आरमाराने माल्टाला वेढा दिला. सेंट जॉनच्या नाइटांनी आणि स्थानिक रहिवाशांनी उन्हाळाभर झुंज देऊन तो परतवला. पुन्हा अशी वेळ आल्यास टिकाव लागावा म्हणून संघप्रमुख ला व्हॅलेट याने २८ मार्च १५६६ रोजी ओसाड टेकडीवर नव्या नगराची पायाभरणी केली. पोपने धाडलेल्या फ्रान्सेस्को लापारेल्ली या इटालियन स्थापत्यविशारदाने आराखडा आखला आणि जिरोलामो कासार या माल्टाच्या सुपुत्राने तो पुढे नेला. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात आखले गेले. १५७१ मध्ये संघाने आपले ठाणे येथे हलवले.

टेकडीवर गोड्या पाण्याची वानवा होती. म्हणून घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके खोदण्याचा दंडक घातला गेला. पुढे १६१५ मध्ये दूरच्या झऱ्यांचे पाणी दगडी कालव्याने शहरात आले. गुजरात-राजस्थानातील जुन्या वाड्यांतील टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या दंडकाचे मोल वेगळे सांगायला नको.

या संघाचे मूळ व्रत रुग्णसेवेचे. येथील रुग्णालयाचा मुख्य कक्ष दीडशे मीटरांहून लांब असून तेथे रुग्णांना चांदीच्या ताटांतून अन्न देत. वाचून आदर वाटतो. परंतु हाच संघ समुद्रावर लूटमार करीत असे आणि त्याची गलबते वल्हवायला साखळदंडांत जखडलेले गुलाम असत. रुग्णाच्या हाती चांदीचे ताट आणि वल्ह्यावर जखडलेला माणूस, दोन्ही एकाच वहीतल्या नोंदी आहेत. सेंट जॉनच्या भव्य मंदिरात, कॅराव्हाजिओच्या १६०८ मधील चित्रासमोर उभे राहतानाही हे विसरता येत नाही.

तटाची खरी परीक्षा १७९८ च्या जूनमध्ये झाली. इजिप्तकडे निघालेला नेपोलियन बंदरापाशी आला आणि काही दिवसांतच हे अभेद्य शहर जवळजवळ न लढता त्याच्या हाती गेले. तट शाबूत होता, तोफाही होत्या. पण फ्रान्समधील संघाच्या जमीनजुमल्यावर क्रांतिकारकांनी १७९२ मध्येच टाच आणली होती. उत्पन्नाचा मोठा झरा आटला होता, आणि अनेक नाइट स्वतः फ्रेंच असल्याने लढण्याची इच्छाही उरली नव्हती. फ्रेंचांनी रुग्णालयातली व मंदिरांतली चांदी नेली. गुलामांना त्यांनी मुक्त केले, हेही नमूद केले पाहिजे. लवकरच माल्टाचे लोक उठले आणि फ्रेंच शिबंदी त्याच तटात अडकली. सुमारे दोन वर्षे ती टिकली. अखेर सप्टेंबर १८०० मध्ये उपासमारीने तिला शरण जावे लागले.

म्हणूनच शहराच्या वेशीबाहेर फ्लोरिआनाला अवश्य जावे. तेथील चर्चसमोरच्या पटांगणात गोल दगडी झाकणे ओळीने दिसतात. ही धान्याची भूमिगत पेवे होत. आपल्याकडच्या पेवांशी त्यांचे साम्य पाहून गंमत वाटते.

ऑगस्ट १९४२ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. बॉम्बवर्षावाने शहर उद्ध्वस्त होत होते आणि अन्न-इंधन संपत आले होते. मदतीस निघालेल्या १४ मालवाहू जहाजांपैकी पाचच पोहोचली. त्यांतले ‘ओहायो’ हे तेलवाहू जहाज, बुडण्याच्या बेतात असताना, दोन युद्धनौकांच्या आधाराने १५ ऑगस्टला बंदरात आणले गेले.

येथे आपल्या देशाच्याही पाऊलखुणा आहेत. सुवेझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर सिंधमधील हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी बंदरोबंदरी दुकाने थाटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती व्हॅलेटातही आली. जहाजांवरून उतरणारे प्रवासी व खलाशी त्यांच्याकडून रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू घेत. त्यांचे वंशज आजही माल्टात आहेत.

जाता जाता आहाराविषयी. गल्लोगल्ली मिळणारी ‘पास्तित्सी’ रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची असते. मात्र पारंपरिक पद्धतीत तिच्या पापुद्र्यांत डुकराची चरबी वापरतात आणि वाटाण्याच्या सारणात बहुधा कांदा असतो. चीजमध्येही प्राणिज रेनेट असू शकते. विचारल्याखेरीज हाती घेऊ नये. उन्हाळ्यात सूर्यास्त आठच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना संध्याकाळी घाई करावी लागत नाही. फळे मुबलक मिळतात. सोबत खाखरा न्यावाच.