ठशांची साक्ष

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेल्या तांब्याच्या मोठ्या सेंटांचे वेड मला शिवराईच्या वाटेने लागले. शिवराईचा ठसा चकतीहून मोठा असल्याने मजकुरातील एखादे अक्षर बहुधा कडेबाहेर राहते, आणि मूळ ठसा कसा होता हे अनेक नाणी शेजारी मांडून अनुमानानेच ठरवावे लागते. म्हणून ज्याचा ठसा हाताने घडवलेला आहे आणि तरीही चकतीवर अखंड उतरला आहे, अशा नाण्याचा शोध घेता घेता मी या परमुलखीच्या तांब्यापाशी येऊन थांबलो.

1793 मध्ये हे सेंट निघू लागले तेव्हा अक्षरे, अंक, पाने, फळे हे सारे कारागीर ठशावर एकेक करून उमटवीत असे. साहजिकच कोणतेही दोन ठसे तंतोतंत सारखे नसत. शिवाय पोलाद तडकले की नवा पृष्ठठसा जुन्या अग्रठशाला जोडून काम पुढे रेटले जाई, आणि अशी प्रत्येक जोडी संग्राहकांच्या लेखी एक स्वतंत्र उपप्रकार ठरे. फिलाडेल्फियाचे डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी 1869 मध्ये एकट्या 1794 सालच्या सेंटांवर पुस्तिका काढली आणि सेंटावरील देवतेच्या मुखचर्येवरून एकीला ‘दुहेरी हनुवटी’, दुसरीला ‘तरुण मस्तक’ अशी नावे दिली. रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची वैद्याची नजर त्या नावांत उतरली आहे असे मला नेहमी वाटते.

अज्ञात उपप्रकार सापडल्याचा दावा पुढे आला की पहिली शंका ठशाच्या वयाविषयी घ्यावी लागते. झिजलेला ठसा घासून पुन्हा वापरात आणला म्हणजे त्यावरील उथळ देठ आणि फळे नाहीशी होतात, आणि उतावळ्या संशोधकाला तो नवाच ठसा भासतो. नाणे हाताळून झिजले तर अक्षरांची उंची घटते, पण दोन अक्षरांमधील अंतर आणि अंकांचा कल मात्र बदलत नाही. म्हणून दोन नाण्यांची छायाचित्रे एकाच मापाची करून एकमेकांवर ठेवणे हा मी सर्वांत निर्णायक पुरावा मानतो. त्यानंतर वजन: आरंभी सेंट 208 ग्रेनचा होता, 1795 च्या अखेरीस तो 168 ग्रेनवर आणला गेला. त्यानंतर कड: तिच्यावरील नक्षी वा मजकूर ठसा मारण्यापूर्वीच निराळ्या यंत्रावर उमटत असल्याने, विद्युत्-क्रियेने दोन पातळ पापुद्रे बनवून आत शिसे ओतलेली नक्कल तिथल्या सांध्यावरून ओळखता येते. कोरणीने वाढवलेली रेघ मात्र भिंगाखालीच सापडते, कारण ती मूळ गंजाच्या थराला छेदून गेलेली असते. 1798 चा शेवटचा 8 कोरून दुर्मीळ 1799 साल बनवलेले सेंट याच लक्षणाने पकडले जातात.

तरीही खरा शोध क्वचित लागतोच. 1877 मध्ये तरुण हेन्री चॅपमन यांना 1794 च्या एका सेंटाच्या मागील बाजूस, दंतुर किनारीच्या दातांच्या अधूनमधून, बारीक पंचकोनी तारे दिसले. मोजता ते 94 भरले. ते कोणी आणि कशासाठी कोरले याचा उलगडा करणारा एकही टांकसाळी कागद उपलब्ध नाही, आणि माझ्या मते या विषयातले सर्वांत मोहक कोडे तेच आहे.

या शास्त्राला आजचे रूप दिले ते विल्यम शेल्डन यांनी. मनुष्यदेहाच्या ठेवणीचे प्रकार पाडणारा हा मानसशास्त्रज्ञ. 1949 च्या ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथात त्याने 1793 ते 1814 पर्यंतच्या सेंटांना क्रमांक दिले, ज्यांचे तीनच किंवा त्याहून कमी नमुने ज्ञात होते त्यांचा वर्ग निराळा काढला, आणि नाण्याची प्रत 1 ते 70 अंकांत मोजण्याची जी रीत घालून दिली ती पुढे अमेरिकेतील सर्वच नाण्यांना लागू झाली. त्याच्या आधीच्या पिढीतील जॉर्ज क्लॅप हे पिट्सबर्गच्या ॲल्युमिनियम उद्योगाच्या संस्थापकांपैकी एक, आणि शंखशिंपल्यांचे जाणते अभ्यासक. शिंपल्यांच्या जाती निवडणारी त्यांची चिकाटी सेंटांच्या कामी आली, आणि 1946 मध्ये त्यांनी आपला संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या स्वाधीन केला.

त्या संग्रहापाशी शेल्डनला मुक्त प्रवेश होता. क्लॅपचे उत्तम सेंट काढून घ्यावेत आणि त्यांच्या जागी त्याच उपप्रकाराचे हलके नमुने ठेवावेत, असा व्यवहार त्याने केला. पेटीत क्रमांकाबरहुकूम नाणे असल्यामुळे संस्थेला संशय येण्याचे कारण उरले नाही. 1972 मध्ये त्याने आपला संग्रह कॅलिफोर्नियाच्या एका संग्राहकाला विकला, 1977 मध्ये तो मरण पावला, आणि पुढे जुनी छायाचित्रे व पेटीतील नाणी ताडून पाहिली गेली तेव्हा शंभराहून अधिक सेंटांची अदलाबदल उघडकीस आली. या ठिकाणी उपप्रकाराचा निवाडा निरुपयोगी होता, कारण ठशाच्या खुणा दोन्हीकडे एकच. साक्ष दिली ती पाडून झाल्यावर प्रत्येक नाण्याला पडलेल्या त्याच्या खास खाचांनी, कडेच्या टोल्यांनी आणि गंजाच्या डागांनी. प्रकरण न्यायालयात गेले. मुदत टळल्याची सबब त्या संग्राहकाने पुढे केली, परंतु चोरीचा माल कोणाच्या ताब्यात आहे हे मालकाला उमगले तेव्हापासूनच मुदत मोजावयाची, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने 1996 मध्ये दिला.

शेल्डनची विद्वत्ता अस्सल होती, आणि म्हणूनच त्याचा अपराध मला अधिक गंभीर वाटतो: कोणते नाणे कशाच्या जागी खपून जाईल हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. नव्या उपप्रकाराचा दावा घेऊन येणाऱ्याकडे मी म्हणूनच दोन गोष्टींचा आग्रह धरीन: ठशांची तुलना, आणि ते विशिष्ट नाणे आजवर कोणाकोणाच्या संग्रही होते याचा सचित्र दाखला. लिलावाच्या याद्यांत आजही या सेंटांपुढे शेल्डनचेच क्रमांक छापले जातात, आणि क्लॅपच्या संग्रहातून हिरावलेली नाणीही त्याच क्रमांकांनी ओळखली जातात.