खाचेत बसलं म्हणजे जुळलं नव्हे!

नाशिकमध्ये आता अनेक घरांत फायबर इंटरनेट आहे. वेग वाढावा म्हणून काही जण राउटरसाठी दुसऱ्या कंपनीचं स्वस्त ‘एसएफपी’ मॉड्यूल घेतात. बोटभर लांबीचं हे उपकरण प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलतं. साधं एसएफपी सेकंदाला १ गिगाबिट, तर ‘एसएफपी प्लस’ १० गिगाबिटपर्यंत चालतं; दिसायला मात्र दोन्ही सारखीच. खरेदीपूर्वी राउटरची क्षमता, फायबरचा प्रकार आणि प्रकाशाची तरंगलांबी तपासावी. सेवा पुरवठादारालाही विचारावं. प्लॅनच १०० मेगाबिटचा असेल, तर मॉड्यूल बदलून इंटरनेटचा वेग वाढणार नाही. आणि फायबरच्या टोकात कधीही डोकावू नये. घराकडे येणारा १४९० नॅनोमीटरचा लेझर डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे तो सुरू आहे की बंद, हे नुसतं पाहून कळत नाही.