रिचार्ज तुमचा, केबल गावाची!

माहीत आहे का? रात्री दोनला रील्स बघत लोळणारे तुम्ही चक्क दानशूर आहात! टेलिकॉम कंपनीच्या समायोजित महसुलातल्या दर 100 रुपयांमागे 8 रुपये लायसन्स फी म्हणून सरकारजमा होतात. त्यातले 5 राखून ठेवलेले, खेड्यापाड्यातल्या आणि दुर्गम भागातल्या फोन-इंटरनेटसाठी. पावती मात्र मागू नका.

हा खजिना उघडला 1 एप्रिल 2002 ला. नाही हो, एप्रिल फूल नाही!

उलट त्याची खरी गंमत 31 मार्चला. सगळी सरकारी ऑफिसं ‘मार्च एंडिंग’च्या धावपळीत, उरलेला निधी परत जाईल या धास्तीत. हा फंड मात्र निवांत. कायद्यानेच ठरवलंय की यातली शिल्लक लॅप्स होत नाही.

बारशांची हौस भारी. 2011 मध्ये याच फंडातून गावोगावी फायबर न्यायची योजना मंजूर झाली, तेव्हा ती ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होती. 2015 मध्ये झाली ‘भारतनेट’. मग फंडानेही हट्ट धरला: ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’चा झाला ‘डिजिटल भारत निधी’.

आता भारतनेटचं बजेट, जरा बसून वाचा. 2011: सुमारे 20,000 कोटी. 2017: 42,068 कोटी. 2023: 1,39,579 कोटी! कांद्यालाही घाम फुटावा असा चढता भाव. अर्थात शेवटच्या आकड्यात पंचायतींपलीकडची गावं आणि 10 वर्षांची देखभालही धरलेली आहे. माझ्या मते यातली देखभालच सगळ्यात शहाणपणाची खरेदी. केबल पुरताना फोटो निघतात. ती तुटल्यावर कोण धावतं, यावर गावाचं नेट चालतं.

आणि डेडलाइन? अडीच लाख ग्रामपंचायती, दोन वर्षांत. पहिल्या एक लाखाचाच टप्पा गाठायला डिसेंबर 2017 उजाडला. आज 2 लाख 14 हजारांहून जास्त पंचायती ‘सर्व्हिस रेडी’ आहेत. पण जपून! हा आकडा सोय पोहोचल्याचा आहे. पंचायतीतलं वायफाय आत्ता चालू आहे का, ते सरपंचांनाच विचारा.

माहीत आहे का, जमिनीखाली केबल टाकायच्या चराची प्रमाणित खोली किती? 1.65 मीटर! मध्यम उंचीचा माणूस आत उभा राहिला तर वरून फार तर टोपी दिसेल.

एवढं खोल पुरूनही फायबरला एक हाडवैरी आहेच: जेसीबी. न विचारता केलेल्या खोदकामामुळे देशाचं दरवर्षी सुमारे 3,000 कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचा अंदाज. म्हणून मार्च 2023 मध्ये खास ॲप आलं, ‘कॉल बिफोर यू डिग’. आधी फोन, मग फावडं!

नव्या भारतनेटचा तोडगा तर जेसीबीलाच चकवा देणारा. जोडणी सरळ रेषेत नाही, रिंगणात. एका बाजूने केबल तुटली की डेटा उलट्या वाटेने घरी. काही ठिकाणी तर खोदायचंच नाही, फायबर थेट विजेच्या खांबांवरून!

महाराष्ट्राने भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात काय केलं? ‘आमचं आम्ही बघतो’ म्हणत राज्याच्याच पुढाकाराचं मॉडेल निवडलं. नाव ‘महानेट’, जबाबदारी राज्याच्याच महाआयटी कंपनीकडे.

आता मारूया समुद्रात सूर! याच फंडातून चेन्नई ते अंदमान सुमारे 2,300 किलोमीटर केबल समुद्रतळाशी गेली. ऑगस्ट 2020 पासून सुरू. मग लक्षद्वीपची पाळी: 1,868 किलोमीटर, कवरत्तीसह 11 बेटं. घोषणा 15 ऑगस्ट 2020 ची, वायदा हजार दिवसांचा. उद्घाटन 3 जानेवारी 2024 ला. मोजले आम्ही: 1,236 दिवस!

पण लक्षद्वीपच्या केबलचं ते 1,868 किलोमीटर अंतर काचेतून कापायला प्रकाशाला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. त्याला टेंडर भरावं लागत नाही ना!

आणि पंचायतीपासून तुमच्या मामाच्या घरापर्यंत वायर कोण ओढणार? गावातलाच ‘भारतनेट उद्यमी’. प्रायोगिक टप्प्यात कमाईची वाटणी झाली निम्मी-निम्मी: अर्धी सरकारी कंपनीची, अर्धी त्याची. लक्ष्य आहे पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरं. डिश अँटेनाने ज्यांचा धंदा बुडवला, ते केबलवाले काका पुन्हा फॉर्मात!