अंगावरची कडी, दारावरची कडी



विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की फॅशनचा आणि नळ-दिवे-कड्यांचा काय संबंध? आणि तोही नंदुरबार जिल्ह्यात? पण आपल्या भाषेनं हा संबंध केव्हाच ओळखला आहे. पायात कडी असते, दारालाही कडी असते. पायात साखळ्या, दारालाही साखळी. कानातल्या कुडीला मागून फिरकी लागते. तेच आटे नळाच्या जोडाला असतात. कारण सरळ आहे. धातू वाकवायचा, कडीत कडी अडकवायची, आटे पाडायचे, हे कसब एकच. ते अंगावर आलं की दागिना होतं, भिंतीवर गेलं की घराचं साहित्य.

तेव्हा आज आम्ही दोन प्रश्न मांडणार आहोत. घराला कायम जोडलेल्या वस्तूंचं रूप येतं कुठून? आणि ते आपल्या कामाचं आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

आधी फॅशनचा रस्ता बघू. शहरातल्या दुकानात आज सोनेरी, गुलाबी-सोनेरी, काळे नळ दिसतात. आत बहुधा पितळच असतं. वरचा रंग अनेकदा निर्वात पेटीत धातूची वाफ करून बसवलेला पातळ थर असतो. हेच तंत्र मनगटी घड्याळांना सोनेरी करायला वापरतात. 2015 मध्ये गुलाबी-सोनेरी मोबाईल बाजारात आले आणि तो रंग सगळीकडे दिसू लागला. म्हणजे घड्याळ, मोबाईल आणि मोरीतला नळ एकाच हौसेच्या धाग्यात ओवले जातात.

हौस वाईट नाही. पण नळ भिंतीत बसतो, तो कपड्यासारखा बदलता येत नाही. आता हिशेब बघा. पाण्याची टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण एक बार दाब मिळतो. आपल्या एकमजली घराच्या स्लॅबवरची टाकी जेमतेम दोन-तीन मीटर उंच. म्हणजे दाब पाव बारच्या आसपास. मोठ्या दाबासाठी घडवलेला भपकेदार शॉवर तिथं लावला, की पाणी सुतासारखं येतं. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या नळावर पांढरे डाग लगेच दिसतात. गोल गुळगुळीत मूठ साबणाच्या हातात घसरते. लांब दांड्याचा नळ मात्र शेणामातीनं भरलेल्या हाताच्या कोपरानंही उघडतो. फॅशन चेहरा देते, पण वापर ठरवतात ते पाणी, हात आणि उंची.

दुसरा रस्ता रोजच्या जगण्यातून येतो. 1951 साली इसामु नोगुची हा शिल्पकार जपानमधल्या गिफू शहरात गेला. तिथं नदीवर पाणकावळ्यांच्या मदतीनं मासेमारी चालते आणि शहरात बांबू व हातकागदाचे कंदील बनतात. त्यानं त्याच कारागिरांकडून विजेच्या बल्बसाठी नवे आकार करून घेतले. ते ‘अकारी’ दिवे जगभर गेले, पण बनतात अजून गिफूतच. पुढं कपड्यांचा कलावंत इस्से मियाके यानं 2010 मध्ये घड्या घालून सपाट होणारे कपडे काढले आणि 2012 मध्ये त्याच घड्यांचे दिवे एका इटालियन कंपनीबरोबर बाजारात आणले. घडीमुळे कापडाला ताठपणा आला, आत सांगाडा लागला नाही. इथं फॅशननं नुसता रंग दिला नाही, रचना दिली.

आता आपल्याकडे या. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात कुडाचं घर म्हणजे काय? बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली भिंत. त्या भिंतीत विळा खोचता येतो, फणी अडकवता येते, तीरकामठा टांगता येतो. धान्याची कणगी म्हणजे मोठी लिंपलेली टोपलीच. म्हणजे इथं भिंत हीच मांडणी, भिंत हीच खुंटी.

घरकुल आलं आणि भिंत बदलली. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. पक्कं घर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण पक्क्या भिंतीत विळा खोचता येत नाही. खुंट्या, देवळी, मडकी ठेवायचा ओटा आधी ठरवला नाही, तर एवढ्याशा खोलीत सगळं जमिनीवर येतं. आणि जमिनीवर विळा असला की रांगणाऱ्या पोराला धोका. बांधताना गवंड्याला सांगितलं, तर लाकडी खुंटी आणि कोनाडा थोडक्यात होतो. नंतर भिंत फोडावी लागते.

आणि आपल्या वस्तूंपासून दिवे, कड्या, मूठी घडवायच्या का? जरूर घडवाव्यात. टोपलीची वीण दिव्याला शोभते, सुकलेल्या भोपळ्याचा दिवा छान होतो. कच्चा मालही हातात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज मानलं, आणि 2017 च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेर लावलेला बांबू वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला.

पण एक रेघ ओढायला हवी. काठीच्या होळीत कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा टोप घालून जे नाचतात, ते हौसेचा पोशाख करत नाहीत. ते पाळणी पाळतात. तो नवसाचा भाग आहे. भोपळा रोजचा आहे, त्याचा दिवा करा. तो साज मात्र हॉटेलच्या भिंतीवर टांगायचा असेल, तर आधी गावाला विचारा. वारली चित्रांचं काय झालं ते समोर आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी काढायचा चौक आज न्हाणीघराच्या फरशीवर छापून येतो आणि छापणाऱ्याला त्याचा अर्थही माहीत नसतो.

म्हणून कुठलीही वस्तू भिंतीत बसवण्याआधी तीन गोष्टी विचारा. ती आपल्या पाण्याला, हाताला आणि भिंतीला चालेल का? बिघडली तर गावात दुरुस्त होईल का? आणि तिचं रूप ज्यांच्याकडून आलं, त्यांना मजुरी आणि मान मिळाला का? गिफूच्या कारागिरांना काम मिळालं, ते याच शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट दिल्यामुळे. आपल्या बुरडांना आणि पाड्यांवरच्या विणणाऱ्यांनाही ते मिळू शकतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.