हवाई अंतर आणि विमानाचा वेळ

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. मात्र दक्षिणेकडील नांदेडचा श्री गुरू गोविंद सिंगजी विमानतळ आणि उत्तरेकडील अकोल्याचा शिवणी विमानतळ यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती हिंगोली शहराच्या जवळून जाते. या रेषेची लांबी सुमारे १७० किलोमीटर आहे, तर नांदेडहून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर भरते.

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलामुळे पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यास बृहद्‌वृत्त म्हणतात, आणि हे अंतर त्याच्या कंसावर मोजले जाते. नांदेड आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर असल्यामुळे अक्षवृत्ताला धरून गेले काय किंवा बृहद्‌वृत्तावरून गेले काय, फरक वीस मीटरही पडत नाही. मुंबई–न्यूयॉर्कसारख्या प्रवासात मात्र तो शेकडो किलोमीटरांचा होतो. या गणितासाठी पृथ्वीवरील एका अंशाची लांबी ठाऊक असावी लागते, आणि ती मोजण्यासाठी ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर मोजणी चालवणारे विल्यम लॅम्टन हे त्याच कामात असताना १८२३ मध्ये विदर्भातील हिंगणघाट येथे वारले, हे या भागातील वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

अंतर असे निश्चित असले, तरी वेळ तसा नसतो. प्रादेशिक मार्गांवरील एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून ४७० किलोमीटरांस साधारण ५६ मिनिटे पुरावीत. परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भातील असतो आणि ती हवा स्वतःही वाहत असते. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असल्यास सुमारे पाच मिनिटे वाचतात, तोच समोरून आल्यास सहांहून अधिक मिनिटे जास्त लागतात, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. त्यामुळे स्थिर वाऱ्यात जाऊन-येऊन होणारा प्रवास वारा नसताना होणाऱ्या प्रवासापेक्षा नेहमीच लांबतो.

यात धावपट्टीच्या दिशेचीही भर पडते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम असून तिचा वापर बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून होतो, म्हणून नांदेडहून येणारे विमान जवळजवळ सरळ उतरू शकते, पण परतताना त्याला आधी समुद्राकडे झेपावून मग पूर्वेकडे वळावे लागते. वेळापत्रकात छापलेल्या वेळेत, ज्यास ब्लॉक टाइम म्हणतात, जमिनीवरील सरकणे आणि रांगेत थांबणेही धरलेले असते.

एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेतून नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५०० किलोमीटर म्हणजे एक तास असे धरून निम्म्या आसनांचे भाडे २,५०० रुपयांवर मर्यादित केले होते. हिंगोलीच्या प्रवाशाला मात्र कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा या मार्गाने नांदेड गाठण्याचा आणि विमानतळावर तासभर आधी पोहोचण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो; मुंबईसाठी हा हिशेब तरीही फायद्याचा ठरतो. नांदेड–अकोला या १७० किलोमीटरांत मात्र विमानाचा बहुतेक वेळ चढण्या-उतरण्यातच जाईल, म्हणून तेथे वाशिम, हिंगोली, वसमतवरून जाणारा पूर्णा–अकोला ब्रॉडगेज लोहमार्गच अधिक योग्य आहे.