सांडलेला दाणा आणि अंड्यांचे पैसे

बाळापूर, अकोट, अचलपूर, अंजनगाव. आमच्या वऱ्हाडातल्या या गावांच्या मोहल्ल्यांत आजही कित्येक घरांच्या परसात आठ-दहा कोंबड्या असतात. अंड्यांचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतात. त्यातून मुलांच्या वह्या येतात, ईदच्या बांगड्या येतात. पण दाण्याचा भाव वाढला की "आता परवडत नाही" म्हणून कोंबड्या विकल्या जातात. त्याआधी एक हिशोब करावा, असे आम्हाला वाटते. कोंबडी किती खाते हा नव्हे, तर किती सांडते हा.

बांधून पाळलेली मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला ३३ किलोच्या आसपास लागते. त्याचा दहावा भाग जरी मातीत गेला, तरी तीन किलोंहून जास्त खाद्य वाया गेले.

पवित्र कुरआनात सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याच्या परवानगीबरोबरच इस्राफची मनाई आली आहे. काही बहिणी म्हणतात, "सांडलेला दाणा चिमण्या टिपतात, तो सदकाच झाला." पाखरांना खाऊ घालणे सवाबचे काम आहे यात शंका नाही. त्यासाठी मूठभर ज्वारी वेगळी टाकावी. पण खुराड्यात विष्ठेत मिसळलेला दाणा रात्री उंदीर खातात. उंदरांमागे साप येतात, आणि हा त्रास शेजारच्या घरालाही होतो. शेजाऱ्याचा हक्क तर आपल्या दीनने फार मोठा ठेवला आहे.

दाणा सांडतो तो मुख्यतः भांड्यामुळे. परातीत खाद्य दिले की कोंबडी आत उभी राहते, पायाने उकरते आणि तिथेच घाण करते. त्याऐवजी पत्र्याची लांबट कुंडी किंवा उभा कापलेला प्लास्टिकचा पाइप घ्यावा. त्याच्या कडा बोटभर आत वळलेल्या असाव्यात. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावे किंवा विटांवर ठेवावे. ते काठोकाठ भरू नये. अर्ध्याच्या खालीच ठेवावे. पाण्याचे भांडे थोडे दूर असावे, नाहीतर चोचीतले पाणी खाद्यात पडून ते आंबते.

दुसरे कारण म्हणजे निवड. अख्खी ज्वारी आणि बारीक भुकटी एकत्र दिली की कोंबडी दाणे वेचते आणि भुकटी उडवते. म्हणून सगळे सारखे जाडसर भरडून, पाण्याचा हलका हात लावून द्यावे. ओले खाद्य तासाभरात संपेल इतकेच द्यावे. उन्हाळ्यात ते लवकर खराब होते.

वेळही महत्त्वाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दुपारच्या उन्हात कोंबडी खात नाही, फक्त पाणी मागते. म्हणून फजरनंतर आणि असरनंतर असे दोनदा खाद्य द्यावे. मगरिबपूर्वी उरलेले उचलून ठेवावे. अंधारात कोंबडी खात नाही, उंदीर मात्र खातो.

पावसाळ्यात पोते भिंतीला टेकवू नये. फळीवर, झाकणाच्या डब्यात, दोन-तीन आठवड्यांपुरतेच खाद्य ठेवावे. बुरशी आलेले खाद्य वाळवूनही देऊ नये. बुरशीचे विष उन्हाने जात नाही. आपल्या भागात सरकीची ढेप आणि सोयाबीन सहज मिळते. पण ढेपेने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होऊ शकतो, आणि कच्चे सोयाबीन कोंबडीला पचत नाही. ते भाजूनच द्यावे. पोटात जंत असले तरी खाल्लेले अंगी लागत नाही. त्याचे औषध तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावे.

मात्र बचत म्हणजे उपासमार नव्हे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. उपाशी कोंबडी गटारात तोंड घालते. घाण खाणारी कोंबडी जबह करण्याआधी हजरत इब्ने उमर (रजि.) तीन दिवस बांधून ठेवत, अशी रिवायत आहे. तेव्हा खाद्य पोटभर द्यावे, फक्त ते पोटातच जावे.

याची परीक्षा घरीच करता येते. दिवसभर भांड्याखाली स्वच्छ बारदान अंथरावे आणि संध्याकाळी सांडलेले खाद्य तोलावे. मग भांडे बदलून, उंचीला टांगून, आठवड्याने पुन्हा तोलावे. दोन्ही वजने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावीत. जो फरक पडेल त्याला ३० ने गुणावे. महिन्याला इतका दाणा विकत आणावा लागणार नाही, इन्शाअल्लाह.